गाळ्यातली गावकी

मुंबईत कलावंतांची वस्ती म्हटले की वांद्र्याच्या साहित्य सहवासाचे नाव आधी निघते. लेखकांनी सहकारी संस्था काढली, घरे बांधली, शेजारही आपल्याच पंथाचा मिळवला. त्या वसाहतीचे मोल कमी नाही. पण लिहिणारे-गाणारे एका आवारात राहायला आले की वस्ती कलेची होते, हे समीकरण अपुरे आहे. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव हा गिरणगाव नेमका उलट रीतीने घडला. तिथे आलेला माणूस साचा चालवायला आला होता. तरीही शाहिरी, भजन, नमन, शक्ती-तुरा आणि कामगार रंगभूमी यांचे जेवढे पीक या पट्ट्यात आले, तेवढे मुंबईच्या दुसऱ्या कुठल्या भागात आले असेल असे वाटत नाही. त्याचे श्रेय कामगारांच्या उपजत रसिकतेला देऊन मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते ते एका साध्या संस्थेला द्यायला हवे: गावमंडळाच्या गाळ्याला.

गाळ्याचे दुसरे टोक समजून घ्यायला पोलादपूर तालुक्यातले कुडपण पाहावे. शेलारमामांचे गाव म्हणून ते ओळखले जाते. प्रतापगडाच्या मुलखातला हा डोंगराळ भाग. उतारावर नाचणी-वरी, खाचरात पावसाळ्याचे एक भात. एवढ्यावर घराचे वर्ष निघत नाही. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत महाड-पोलादपूरपासून रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंतच्या अशा गावांतले तरुण गिरण्यांच्या भोंग्यावर उठू लागले. बायको-मुले गावी, शेतीही गावीच. एका गावची माणसे मिळून चाळीत खोली घेत, तोच गाळा. दिवसपाळीचा गडी कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागी अंग टाकी. भिंतीला टांगलेल्या ट्रंका, जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराला. (या बायांच्या कष्टावर गिरणगाव जगला, पण त्यांची संघटना व्हायला १९७५ साल आणि प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ यावे लागले.) खोलीचे भाडे, एखाद्याचे आजारपण, मयतीचा खर्च, गावच्या देवळाची डागडुजी आणि ढोलकीला नवी पुडी, सगळ्यासाठी हात घालायचा तो वर्गणीतच.

माझा मुद्दा या शेवटच्या खर्चाशी आहे. कलेला पैसा लागतो त्याहून जास्त तालमीची जागा, तीच ती माणसे आणि ठरलेली तारीख लागते. गाळ्याने हे तिन्ही दिले. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावी जाणारच, आणि गेल्यावर जाखडीच्या फेरात उभे राहावे लागणारच. म्हणून तालीम मुंबईत. शक्ती-तुऱ्यात तर समोरच्या बारीच्या शाहिराने टाकलेल्या सवालाला जबाब द्यायचा असतो. त्यासाठी पुराणकथा पाठ हव्यात आणि जोड रचण्याची तयारी हवी. श्रोत्यांतही जबाब चुकला तर तोंडावर सांगणारे जाणते लागतात. असा श्रोता जाहिरातीने जमत नाही, तो वर्षानुवर्षे एका खोलीत वाढावा लागतो. सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून या मंडळींचे हक्काचे ठिकाण झाले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा पोवाडा आणि लोकनाट्य कसे ऐकायचे हे त्यांना गिरणगावाला शिकवावे लागले नाही. नवा होता तो आशय. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ साली आला, त्यामागेही हीच ऐकणारी-बोलणारी वस्ती होती.

यावर पहिला आक्षेप जातीचा, आणि तो खरा आहे. गावाची खोली म्हणजे बहुधा गावातल्या एका जातीची खोली. गिरणीतही विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे; १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढे आणला. म्हणजे सामुदायिकता होती, समता नव्हती. मात्र ज्यांना वगळले त्यांनीही हेच साधन उचलले, हे विसरता येत नाही. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहत होते, बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय १९२४ पासून दामोदर हॉलमध्ये होते, आणि १९२७ चा महाडचा संगर उभा करणारे रामचंद्र बाबाजी मोरे दासगावचे, मुंबईच्या कामगार वस्त्यांशी बांधलेले. गावाशी धागा ठेवूनही गावकी मोडता येते, याचा याहून मोठा दाखला महाड तालुक्यात शोधू नये.

दुसरा आक्षेप असा की हे सारे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबरोबर संपले. गिरण्या संपल्या, जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये त्या घरांची पडझड दिसते. पण कला केवळ गिरणीच्या पगारावर उभी असती तर शक्ती-तुऱ्याचे सामने तेव्हाच थांबले असते. ते थांबले नाहीत. चाकरमानी बँकेत, बेस्टमध्ये, कुरिअर कंपनीत गेला. मंडळाची वर्गणी चालू राहिली. लालबागच्या उत्सवी रांगांना मी या परंपरेत धरत नाही, तिथे पाहणाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही.

खरी अडचण जागेची आहे. दामोदर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा रंगकर्मींनी विरोध केला, तो जुन्या भिंतींच्या मायेपोटी नव्हता. त्या भाड्यात, त्या वस्तीत, गावाकडच्या मंडळाला तारीख देणारे दुसरे नाट्यगृह जवळपास नव्हते. बीडीडी चाळींतल्या साधारण १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर कलेसाठी कुणी चाळीत कुजावे, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण नव्या इमारतीत चाळीचा व्हरांडा नसतो, आणि सोसायटीच्या नियमांत रात्री दहानंतर ढोलकी बसत नाही. तेव्हा मागणी घरापुरती ठेवून भागणार नाही. पुनर्विकासाच्या करारातच मंडळांसाठी तालमीची खोली लिहून घ्यावी, आणि नाट्यगृहाच्या भाड्याचा दर गणपतीपूर्वीच्या महिन्यासाठी वेगळा ठरवून घ्यावा.