सत्ता कुणाची, नाव कुणाचं?



'बळी तो कान पिळी' ही म्हण आपण रोज ऐकतो. पण नुसत्या बळावर सत्ता फार दिवस टिकत नाही. लोकांना ती हक्काची वाटावी लागते. म्हणून सत्ताधारी एखादं मोठं नाव पुढे करतो: कधी बादशहाचं, कधी धर्माचं, कधी जनतेचं. त्या नावामागे जो विचार उभा असतो, त्याला विचारसरणी म्हणतात.

आपल्या जालन्यावर निजामाचं राज्य होतं. 1724 पासून पहिला निजाम दख्खनचा खरा मालक झाला. फौज त्याची, सारा त्याचा. तरी 1857 च्या उठावापर्यंत निजामाच्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचंच! पुण्याचे पेशवेही सगळा कारभार स्वतः बघत, पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडून घेत. बळ एकाकडे, मान दुसऱ्याकडे.

पुढे 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली. 17 तारखेला निजाम शरण आला. त्याची सत्ता गेली, पण नाव राहिलं. 26 जानेवारी 1950 ला त्यालाच राजप्रमुख केलं. नवा कारभार जुन्या नावाखाली सुरळीत चालावा, असा हा व्यवहारी हिशेब दिसतो. 1956 ला राज्यांची नव्याने मांडणी झाली आणि ते पदही संपलं.

आज नाव आपलं आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. पण सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा, असं किती ठिकाणी चालतं! बचत गटातही कधी कधी सही अध्यक्षताईंची असते आणि कर्ज कुणाला द्यायचं ते घरातला पुरुष ठरवतो.

म्हणून नावाला कमी समजू नका. ज्याला आपलं नाव लागतं, त्याचं आपल्यावाचून अडतं. तिथेच आपली ताकद आहे. ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर तर कधीच नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती मागून घ्या. तिथे बोला आणि बोललेलं वहीत लिहून घ्या.

कारभार आपल्या नावाने चालतो ना? मग हिशेबही आपल्यालाच द्यायला हवा.