उत्प्रेरकांची गंधकबाधा
प्लॅटिनम, पॅलॅडियम यांसारख्या मौल्यवान धातूंच्या ऑक्सिडीभवन उत्प्रेरकांची (विक्रियेची गती वाढविणाऱ्या, पण स्वतः खर्च न होणाऱ्या पदार्थांची) क्रियाशीलता गंधकाच्या संयुगांमुळे घटते. तिला गंधकबाधा म्हणतात. धातूचे सूक्ष्म कण ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारद्रव्यावर पसरलेले असतात. विक्रिया कणांच्या पृष्ठभागावरच घडते; त्यामुळे वायूतील अत्यल्प गंधकही बाधक ठरते.

मिथेनाच्या ऑक्सिडीभवनास पॅलॅडियम विशेष उपयुक्त असते. परंतु सल्फर डाय-ऑक्साइडामुळे त्याच्या ऑक्साइडाचे सल्फेट बनून ते जवळजवळ निष्क्रिय होते. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या एंजिनांत ही मोठीच अडचण आहे. प्लॅटिनम अधिक तग धरते, मात्र ते सल्फर डाय-ऑक्साइडाचे ट्राय-ऑक्साइड बनविते व त्यामुळे डीझेल एंजिनाच्या निष्कासात सल्फेटाचे कण वाढतात. गंमत अशी की, याच गुणावर पेरेग्रिन फिलिप्स यांनी १८३१ मध्ये सल्फ्यूरिक अम्लनिर्मितीचे एकस्व (पेटंट) घेतले होते. त्या पद्धतीत प्लॅटिनमाला विष ठरले ते आर्सेनिक. ॲल्युमिना काही गंधक स्वतःकडे ओढून धातूला वाचविते, पण ते संपृक्त होईपर्यंतच.

पॅलॅडियमावरील सल्फेट सु. ६००° से.च्या पुढे तापवून किंवा क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) वायूत त्याहून कमी तापमानास घालविता येते. तथापि वारंवार तापविल्याने धातुकण एकत्र येऊन मोठे होतात व पृष्ठभाग कायमचा घटतो. यामुळे इंधनातूनच गंधक काढणे श्रेयस्कर ठरते. भारतात १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल व डीझेल यांतील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आली.