ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक मारणारा मुंबईचा फुटबॉलर, ज्याच्या काळात फुटबॉलवर घर चालत नव्हतं

अंधेरीच्या क्रीडासंकुलात मुंबई सिटीची मॅच असली की आसपास आकाशी रंगाच्या जर्सी दिसायला लागतात. या टीमचे खेळाडू करार करून, पैसे घेऊन खेळतात. फुटबॉल हाच त्यांचा पेशा.

पण मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या ज्या स्ट्रायकरने भारताला ऑलिम्पिकच्या सेमीफायनलमध्ये नेलं, त्याच्या वाट्याला हे आलं नाही. त्याचं नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिलचा जन्म १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये, पण हा गोंयकार त्याआधीच भारताकडून खेळत होता. मुंबईत त्याची टीम होती टाटा स्पोर्ट्स क्लब.

१९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकला भारताची टीम गेली. कोच होते सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर अजय देवगणचा ‘मैदान’ आला तेच. पहिल्या फेरीतून हंगेरीने माघार घेतली आणि भारत थेट क्वार्टर फायनलला पोहोचला.

१ डिसेंबरला समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिलने ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला गोल मारले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. चौथा गोल किट्टूचा. भारत ४-२ ने जिंकला.

सेमीफायनलला गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. याच टीमने १९५२ मध्ये भारताला १०-१ असं धुतलं होतं. यावेळी मात्र पहिला गोल भारताचा होता आणि तोही नेव्हिलचा. ही आघाडी काही मिनिटंच टिकली. भारत ४-१ ने हरला, मग ब्रॉन्झची मॅचही बल्गेरियाने ३-० ने घेतली.

तरी चौथा नंबर आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारताला याच्या पुढे कधीच जाता आलं नाही. नेव्हिलचे ४ गोल झाले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्याचं नाव लागलं.

मग एवढ्या मोठ्या खेळाडूने फुटबॉलवर पैसा का कमावला नाही?

कारण तशी व्यवस्थाच नव्हती. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८८५ मध्येच परवानगी मिळाली होती. १९०१ मध्ये तिथे पगारावर आठवड्याला ४ पौंडांची मर्यादा आली, म्हणजे खेळाडू तेव्हाही पगारदारच होते. आपल्याकडे मात्र खेळाडू हौशी मानला जायचा. ऑलिम्पिकचा नियमही तोच, व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश नाही.

यातून मुंबईने काढलेला मार्ग म्हणजे कंपन्यांच्या टीम. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे अशा ठिकाणी चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. पगार नोकरीचा, खेळ कंपनीसाठी. घर चालायचं, रिटायर झाल्यावरचीही थोडी सोय व्हायची. पण गोल कितीही मारा, किंमत ठरायची ती नोकरीतल्या पदावर.

देशपातळीवरची नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली १९९६ मध्ये, आयएसएल २०१४ मध्ये. नेव्हिल १९८० मध्येच गेला, वयाच्या ४७व्या वर्षी. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून द्यायला लागले, मेलबर्नच्या टीममधल्या पी. के. बॅनर्जींना तो पहिल्याच वर्षी मिळाला. नेव्हिलला कधीच मिळाला नाही.

पुढच्या वेळी अंधेरीत मॅचला गेलात, तर शेजारी बसलेल्याला हे नाव नक्की सांगा.