थंड मॅकॅरोनीचें सॅलड

अमेरिकेंत उन्हाळा लागला कीं वनभोजनांत आणि अंगणांतील मेजवान्यांत एक मोठें भांडें हमखास दिसूं लागतें. त्यांत वांकड्या नळीच्या आकाराची आखूड मॅकॅरोनी असते. गाजर, ढोबळी मिरची, कांदा आणि सेलरीचे करकरीत देंठ यांचे बारीक तुकडे असतात. आणि या सर्वांवर सायीसारखें दाट, किंचित् आंबटगोड असें पांढरें आवरण असतें. हेंच तें मॅकॅरोनी सॅलड. हवाई बेटांत तर दुपारच्या थाळींत भाताच्या दोन मुदी व शेजारीं या सॅलडाची एक मूद, अशी सोयरीक कायमची जुळून गेली आहे. इटली म्हणजे पास्त्याचें माहेर. तेथें मात्र उन्हाळ्यांतील थंड पास्त्याला बहुधा ऑलिव्हचें तेल, टोमॅटो आणि तुळशीच्या कुळांतील बॅसिलचीं पानें एवढेंच पुरतें. पांढऱ्या, मऊसूत सॅलडाची हौस ती अमेरिकेची.

करावयास सोपा म्हणून या पदार्थाची ख्याति आहे, आणि तरीही तो वारंवार बिघडतो. कोठें मॅकॅरोनी चिवट लागते, कोठें भांड्याच्या तळाशीं पांढुरकें पाणी सांचतें, तर कोठें सकाळीं सायीसारखें दिसणारें सॅलड संध्याकाळीं कोरडें ठणठणीत झालेलें आढळतें. या तक्रारींचें मूळ बहुतेक वेळां एकच असतें. गरम खावयाच्या पास्त्याचे जे नियम पाठ झालेले असतात, तेच थंड सॅलडाला लावले जातात. वस्तुतः थंड पदार्थाचें शास्त्र कित्येक बाबतींत त्याच्या नेमकें उलट आहे.

उत्तम पास्ता ज्या गव्हाचा करितात तो ड्यूरम गहूं. महाराष्ट्राला तो परका नव्हे. बन्सी या नांवानें तो येथें पूर्वींपासून ओळखला जातो, आणि बन्सी रव्याच्या शेवया शिजतांना सहसा मोडत नाहींत, हा अनुभव पुष्कळ घरांतून आहे. इटलींत तर सुका पास्ता याच गव्हाचा असला पाहिजे, असें १९६७ सालीं कायद्यानेंच ठरवून टाकण्यांत आलें. या गव्हाच्या कठीण रव्यांतील पिष्टाचे कण उकळत्या पाण्यांत फुगतात व मऊ होतात. परंतु निवल्यावर तेंच पिष्ट पुन्हां आंवळूं लागतें. सकाळचा मऊ भात रात्रीं टणक कां होतो, याचें कारणहि हेंच. म्हणून गरम पास्ता दाताखालीं किंचित् कणी लागेल अशा बेतानें उतरवितात, तसा सॅलडाचा उतरवून चालत नाहीं. पाकिटावर दिलेल्या वेळेहून एक दोन मिनिटें तो अधिक शिजवावा. गरम असतांना जरासा जास्त मऊ वाटलेला पास्ताच थंड झाल्यावर बेताचा लागतो.

सहा माणसांसाठीं २५० ग्रॅम मॅकॅरोनी, अडीच लिटर पाणी व २५ ग्रॅम मीठ घ्यावें. मीठ पाण्यांतच घालावें. मागाहून वरून पेरलेलें मीठ नळीच्या आंत शिरत नाहीं आणि सॅलड बाहेरून खारट व आंतून अळणी असें चमत्कारिक होऊन बसतें. मॅकॅरोनी शिजली कीं रोळींत ओतून तिच्यावर थंड पाण्याची धार धरावी. गरम पास्ता धुऊं नये, हा नियम खरा, कारण त्याच्या अंगावरील चिकट पेजेमुळेंच रस्सा त्याला धरून राहतो. सॅलडांत मात्र ती पेज नळ्यांना एकमेकींस चिकटविते व सगळ्याचा गोळा करून सोडते. धुतलेली मॅकॅरोनी कोमट असतांनाच नीट निथळूं द्यावी आणि तिला एक मोठा चमचा व्हिनेगर चोळावें. कोमट पिष्ट आंबटपणा लवकर पितें, थंड पिष्ट तो सहजीं घेत नाहीं. मग ती पसरट थाळींत पातळ थर करून फ्रिजमध्यें ठेवावी.

आतां त्या पांढऱ्या आवरणाविषयीं. त्याचा पाया म्हणजे मेयोनीज. थोड्याशा आंबट पाण्यांत तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब अंड्याच्या बलकानें एकमेकांपासून वेगळे धरून ठेविले, म्हणजे तेलासारखी पातळ वस्तूहि लोण्यासारखी दाट होते. मेयोनीजचें सारें रहस्य एवढेंच. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें त्या नांवानें विकावयाच्या पदार्थांत वजनानें निदान ६५ टक्के तेल असावें लागतें. म्हणजे हें सॅलड नुसत्या मेयोनीजनें माखणें म्हणजे जवळजवळ तेलांत बुडविणेंच होय. हवाईंत तें मोकळ्या हातानें घालतात. पण दुपारच्या उन्हांत जेवून पुन्हां कामास लागणाऱ्यास अर्धें मेयोनीज व अर्धा चक्का हें मिश्रण अधिक मानवतें, आणि चवींतहि तें सरस ठरतें. अर्धा लिटर ताजें, फारसें न आंबलेलें दहीं स्वच्छ फडक्यांत बांधून दोन तास फ्रिजमध्यें टांगावें किंवा चाळणींत ठेवावें. त्यांतील १२० ग्रॅम चक्का, तितकेंच मेयोनीज, अर्धा लहान चमचा मोहरीची पूड, एक लहान चमचा साखर आणि ताजी कुटलेली मिरीं हातानें एकजीव करावीं. यंत्रांत जोरानें घुसळूं नये, चक्का पातळ होतो. अंडें न खाणाऱ्यांसाठीं बाजारांत बिनअंड्याचें मेयोनीज सर्रास मिळतें. त्यानेंहि काम चांगलें होतें. घरीं कच्च्या अंड्याचें करावयाचें असल्यास मुलें, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांना तें देऊं नये, कारण कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला नांवाचे रोगजंतु येण्याचा संभव असतो.

हें मिश्रण गरम मॅकॅरोनीवर कधींहि घालूं नये. उष्णतेनें मेयोनीज फुटतें व तेल सुटतें. आणि सर्व एकदम तर मुळींच घालूं नये. मॅकॅरोनी थंड झाली तरी तिची तहान भागलेली नसते. ती कित्येक तास आवरणांतील पाणी शोषीत राहते. संध्याकाळीं सॅलड कोरडें पडतें तें यामुळें. दोन तृतीयांश मिश्रण आधीं कालवावें, एक तृतीयांश झांकून बाजूस ठेवावें आणि वाढावयाच्या थोडें आधीं घालावें. एवढ्या एका युक्तीनें निम्म्या तक्रारी मिटतात.

भाज्यांचा प्रश्न पाण्याचा आहे. काकडीच्या कोशिंबिरींत मीठ आयत्या वेळीं घालावें, हें मराठी घरांत मुलींना लहानपणींच कळतें. मीठ लागलें कीं काकडी पाणी सोडते. परंतु कोशिंबीर लगेच खावयाची असते आणि हें सॅलड तासन् तास राहावयाचें असतें. म्हणून येथें पाणी बाहेर येऊं न देण्याची नव्हे, तर तें आधींच काढून टाकण्याची खटपट करावी लागते. खमंग काकडीसाठीं कोचवलेली काकडी पिळून घेण्याची जी रीत आहे, तीच येथें उपयोगी. काकडीच्या बिया काढून तुकडे करावे, मीठ लावून वीस मिनिटें ठेवावे आणि घट्ट पिळावे. टोमॅटो घालावयाचाच असेल तर फक्त बाहेरचा गर घ्यावा. न घातला तर अधिक बरें. कांदा बारीक चिरून दहा मिनिटें थंड पाण्यांत ठेवला म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. गाजर किसूं नये. किसलेलें गाजर ओलें होतें व सारें सॅलड पिवळट करून टाकतें. त्याचे मटाराएवढे चौकोनी तुकडेच शोभतात. ढोबळी मिरची तशीच चिरावी. सेलरी न मिळाल्यास करकरीतपणासाठीं कोंवळा मुळा चालतो. मूठभर मटार उकडून व गार करून घालण्यास हरकत नाहीं. भाज्या मिळून मॅकॅरोनीच्या निम्म्याहून अधिक दिसल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणीं हें सॅलड कंटाळवाणें होतें तें भाज्यांच्या कंजुषीमुळें.

सगळें कालवून एक दोन तास फ्रिजमध्यें ठेवावें आणि चव त्यानंतर पाहावी. थंडपणानें जिभेला गोडी व एकंदर स्वाद मंद वाटतात; कोमट असतांना ठीक लागलेलें सॅलड गार झाल्यावर सपक लागतें.

येथपर्यंत चवीचा विचार झाला. याहून गंभीर अशी एक बाब आहे. २००३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बेल्जममध्यें एका कुटुंबांतील पांच मुलें पास्त्याचें सॅलड खाऊन आजारी पडलीं, आणि त्यांतील सात वर्षांची मुलगी यकृत निकामी होऊन दगावली. सॅलड शुक्रवारीं केलेलें होतें. शनिवारीं तें सहलीस नेलें, आणि उरलेलें फ्रिजमध्यें ठेवून सोमवारीं रात्रीं मुलांना वाढलें. तपासांत त्या फ्रिजचें उष्णतामान १४ अंश सेल्सिअस आढळलें. कारण ठरला बॅसिलस सिरियस नांवाचा जंतु. हा मातींत राहतो, धान्याबरोबर घरांत येतो, आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यांतहि मरत नाहींत. शिजलेलें अन्न कोमट राहिलें कीं ते रुजतात व वाढतात आणि जें विष तयार करितात, तें पुन्हां गरम केल्यानेंहि नाहींसें होत नाहीं.

अशा वेळीं लोक दोष मेयोनीजला देतात. बाजारच्या मेयोनीजमधील आंबटपणा जंतूंना सहसा वाढूं देत नाहीं. परंतु बेचव पास्ता व भाज्या यांत तें मिसळलें कीं तो आंबटपणा विरळ होतो, आणि मग भिस्त राहते ती केवळ थंडीवर. म्हणून फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखालीं असावा. सॅलड बाहेर दोन तासांहून अधिक ठेवूं नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. विदर्भ मराठवाड्याच्या चैत्र वैशाखांत हा एक तासच धरावा लागेल. मेजवानी लांबणार असेल तर सॅलडाचें भांडें बर्फ भरलेल्या परातींत ठेवावें व थोडथोडें वाढून काढावें. वीज चार तासांहून अधिक काळ गेली असेल, तर उरलेलें सॅलड टाकून द्यावें. वास चांगला येतो म्हणून तें ठेवण्याचा मोह कोणास होईल; पण या विषाला वासच नसतो.

नीट थंड ठेवलेलें सॅलड तीन दिवस टिकतें, जरी भाज्यांचा करकरीतपणा पहिल्या दिवशींच खरा. दुसऱ्या दिवशीं तें सुकलेलें वाटल्यास एक दोन चमचे दूध व थोडें मेयोनीज पुरें होतें. बर्फाच्या कप्प्यांत मात्र तें ठेवूं नये. गोठून वितळतांना मेयोनीजचें तेल वेगळें होतें, काकडी लिबलिबीत होते, आणि तें भांडें मग कोणी पुढें ओढीत नाहीं.