एका बाळासाठी नवी व्हायल

लसीकरणाच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलं काम असतं ते बर्फ सुटण्याची वाट बघण्याचं. डीप फ्रीजरमधले चार आइसपॅक टेबलावर काढायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा आणि मग एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी खळखळलं की पॅक तयार. तोवर व्हॅक्सिन कॅरियर भरायचा नाही, बाहेर गाडी कितीही हॉर्न वाजवत असली तरी.

ऐन गाळप हंगामात, साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका गावात, मी एका सिस्टरांबरोबर लसीकरणाला होतो. घाई का करायची नाही, हे त्यांनी पेंटाव्हॅलंटची व्हायल दाखवून सांगितलं. या लसीतले घटक ॲल्युमिनियमच्या क्षाराला धरून असतात. टोचल्या जागी शरीराच्या संरक्षक पेशी जाग्या होतात त्या या क्षारामुळे. कडक गोठलेल्या पॅकला टेकून व्हायल गोठली, की क्षाराचे कण फाटलेल्या दुधासारखे गोळा होतात आणि लस कामातून जाते. गोवर-रुबेलाच्या लसीचं उलट. तिला गोठण्याचं भय नाही, उष्णतेचं आहे. त्यासाठी व्हायलवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत पांढरट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन काळवंडतो. वर्तुळाच्या रंगाला तो पोचला, की ती व्हायल बाद.

एवढा काटेकोरपणा लागतो, कारण निकामी लस टोचली तरी लगेच काही कळत नाही. बाळ तसंच रडतं, कार्डावर तारीख पडते, आई निश्चिंत होते. बाळ मात्र उघडंच राहतं.

अंगणवाडीत आशाताईंनी यादी घेऊन बायकांना बसवून ठेवलं होतं. साडेतीन महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेतलेल्या एका आजींनी आधीच सांगून टाकलं, "मागच्या डोसाला दोन दिवस ताप होता पोराला. दोनदा टोचलंय, आता पुरे."

सिस्टर घाईत होत्या, तरी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे वळल्या. "आजी, ताप येऊ शकतो. त्याचं औषध देते मी. पण पहिल्या डोसाला अंगाला रोगाची नुसती ओळख होते. तिसरा झाला की ती पक्की होते. दोनवर सोडलंत तर आधीचं टोचलेलं अर्धवट राहील."

यात अतिशयोक्ती काही नव्हती. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प आणि धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष असतं, डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात, कावीळ-बीच्या विषाणूचं एक प्रथिन आणि हिब जंतूच्या आवरणातली साखर असते. रोग होईल असं त्यात काहीच नाही. पहिल्या वेळी या अनोळखी तुकड्यांविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ती लवकर ओसरतात. मागे काही पेशी राहतात, त्या तुकड्याची ओळख धरून. पुढच्या डोसाला त्याच पेशी वाढतात आणि प्रतिपिंडं लवकर, जास्त आणि अधिक नेमकी तयार होतात. पुढे खरा जंतू आला, की तो बळावण्याआधीच हा बंदोबस्त हजर असतो.

आजींनी नातवाचा पाय धरला. डाव्या मांडीत सुई गेली, बाळानं टाहो फोडला. "चोळू नका, शेकू नका, वर काही लावू नका. अर्धा तास इथंच बसा." सिरिंज एकदा दाबली की आपोआप अडकते, पुन्हा वापरताच येत नाही. तिची सुई हब कटरमध्ये कापली गेली.

गोवर-रुबेलाची व्हायल सिस्टरांनी नऊ चाळीसला फोडली होती. या लसीत कमजोर केलेले, पण जिवंत विषाणू असतात. ते शरीरात थोडे वाढतात आणि आजार न आणता ओळख करून देतात. नऊ महिन्यांआधी ती सहसा देत नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या रक्तात असतात आणि लसीतल्या विषाणूलाच मारून टाकतात. लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. तिच्यात तिचंच द्रावण, तेही तितकंच थंड, मिसळावं लागतं. आणि मिसळलं की घड्याळ सुरू होतं. या लसीत जंतुरोधक घालत नाहीत, म्हणून ती चार तासांच्या आतच वापरायची. असे नियम मोडले की काय होतं, ते २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये दिसलं. तिथं गोवर लसीकरणात एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरली गेली, लसही थंड ठेवली नव्हती. १५ मुलं दगावली.

एक चाळीस झाले. व्हायलमध्ये तीन डोस उरले होते. सिस्टरांनी ती बाजूला काढली.

त्यानंतर अर्ध्या तासानं उसाच्या फडातून एक बाई आली, कडेवर अकरा महिन्यांचं पोर. बीडकडची ऊसतोड टोळी. मुकादमानं आत्ता सोडलं म्हणाली. कार्ड गावाकडं राहिलेलं. मांडीत तीन वेळा टोचलंय, तोंडात थेंब पाडलेत, एवढं तिला आठवत होतं. नऊ महिन्यांचा डोस मात्र चुकला होता, कारण तेव्हाच ते गाडीत बसून कारखान्यावर निघाले होते.

दहा डोसांची नवी व्हायल आणि समोर एक बाळ. सिस्टरांनी क्षणाचाही विचार केला नाही. व्हायलवरचा चौकोन बघितला, मुदत बघितली, द्रावण मिसळलं, वेळ लिहिली आणि उजव्या दंडावर कातडीखाली अर्धा मिली लस दिली. नवं कार्ड भरून दिलं. "सोळा महिन्यांचा झाला की दुसरा डोस. तेव्हा तू गावाकडं असशील. तिथल्या सिस्टरला हे कार्ड दाखव."

नऊ डोस वाया जाणार होते. नियमही हेच सांगतो, की एका बाळासाठीसुद्धा व्हायल फोडा. तो का, हे गोवराकडे बघितलं की कळतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शेजारच्या शंभर जणांनी डोस घेतला तरी ज्यानं घेतला नाही त्याला उपयोग नाही. गोवर माणसाकडून माणसाकडे हवेतून जातो. रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना लागण करतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले, तरच तो पसरायचा थांबतो आणि नऊ महिन्यांच्या आतली बाळंही वाचतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत साथ आली ती सुटलेल्या मुलांमधूनच, आणि त्यात मुलं गेली. गोवर बरा झाला तरी न्यूमोनिया, अतिसार मागे लागू शकतात. इतर रोगांविरुद्ध शरीरानं कमावलेली ओळखही तो बरीचशी पुसून टाकतो.

ऊसतोड कामगारांच्या कोप्यांमधलं, म्हणजे झोपड्यांमधलं, पोर दर वर्षी दोन जिल्ह्यांच्या याद्यांमधून निसटतं आणि गोवराला नेमकी अशीच वाट हवी असते. लस किती वाया गेली, हे दर महिन्याच्या अहवालात विचारलं जातं आणि ते विचारलंच पाहिजे. पण हंगामात त्याच अहवालात आणखी एक रकाना हवा: फडावरची किती मुलं शोधली, किती सापडली, किती राहिली. सिस्टरांची गाडी आठवड्यातून एकदा संध्याकाळी, तोडणी संपल्यावर, कोप्यांवर गेली तर हा रकाना भरता येईल.