जंतूंची सही
इंग्लंडमध्ये गोठ्यात क्षय शिरला, की पहिले बोट बॅजरकडे जाते. बिळात राहणाऱ्या या मुक्या प्राण्याला वकील कोण देणार? पण जंतूंच्या जनुकांत त्यांचे मूळ गाव लिहिलेले असते. ‘स्पोलिगोटायपिंग’मध्ये ४३ खुणांपैकी कोणत्या आहेत, कोणत्या गळाल्या, हे पाहतात, बँकेत सही ताडून पाहावी तसे. पूर्व कम्ब्रियात २०१४नंतर गुरांत आढळलेला वाण ओळखीचा होता तो समुद्रापलीकडच्या उत्तर आयर्लंडमध्ये. रोग तिथून आणलेल्या गुरांबरोबरच आला असावा, असा निष्कर्ष निघाला. पुढे स्थानिक बॅजरांतही तोच वाण सापडला. २०१८मध्ये साथ रोखण्यासाठी बॅजर मारले गेले. सही जुळली खरी. पण कर्ज एकाचे आणि जप्ती दुसऱ्याच्या घरी!