चाकू आणि सुरी: ट्रेकचा चाकू घरच्या स्वयंपाकात चालतो का?

(या भागाचं शब्दांकन खाली देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. कंसातली वेळ ऑडिओतली आहे, थेट त्या ठिकाणी जाऊ शकता.)

[००:००] गोष्ट खोबऱ्याची

आजची सुरुवात माझ्या बोटापासून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीन फ्लॅट, आम्ही तिघं रूममेट. गॅस आला, कुकर आला, चहाची गाळणीसुद्धा आली, पण सुरी कुणीच आणली नव्हती. मी म्हटलं, काळजी कशाला, माझ्या ट्रेकच्या बॅगेत चाकू आहे की! आठवडाभर त्याच चाकूने कांदे, टोमॅटो, पोह्यांच्या मिरच्या, सगळं चाललं. मी तर खूशच होतो. रविवारी नारळ फोडला. करवंटीतून खोबरं सुटेना, म्हणून चाकूचं टोक मधे खुपसलं आणि उचकटायला गेलो. पातं मिटलं. थेट तर्जनीवर.

तीन टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "घरात विळी नाही का?"

चाकू चांगला होता, धारही उत्तम होती. चूक माझी होती. पण ती नक्की काय होती हे समजायला मला बरेच दिवस लागले. आजचा भाग त्यावरच आहे. कारण आपल्यातले कितीतरी जण ट्रेकला जातात, चांगला चाकू घेतात आणि मग महिन्यातून एकदा बाहेर पडणारी ती वस्तू घरी वापरायचा मोह होतोच. वापरावी का? कशासाठी वापरावी? आणि कुठे थांबावं?

[०१:५०] चिरणं वेगळं, फोडणं वेगळं

जरा आपल्या भाषेकडे बघा. आपण भाजी चिरतो, फळ कापतो, बटाटा सोलतो, सुरणाची साल तासतो, नारळ फोडतो. इतके वेगळे शब्द उगाच नाहीत. प्रत्येक कामात पातं वेगळं वागतं. आणि शब्द दोन आहेत तशा वस्तूही दोन: स्वयंपाकघरात असते ती सुरी, खिशात किंवा बॅगेत असतो तो चाकू.

आता एक काम करा. घरातली भाजीची सुरी हातात घ्या आणि पाठीकडून बघा. पाठ म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजू. ती साधारण १ ते २ मिलिमीटर जाड असेल आणि धारेकडे जाताना आणखी पातळ होत जाईल. जंगलात वापरायचे जे दणकट चाकू असतात, त्यांची पाठ ४-५ मिलिमीटर जाड असू शकते. तो चाकू ओल्या लाकडावर ठेवतात, वरून दुसऱ्या लाकडाने ठोकतात आणि लाकूड उभं फोडतात. तिथे पातं पाचरीसारखं वागायला हवं असतं. आत शिरायचं आणि दोन्ही बाजूंना ढकलायचं.

हाच चाकू गाजरावर चालवा. पहिले काही मिलिमीटर छान कापलं जाईल. मग 'कट्ट' आवाज येईल आणि उरलेलं गाजर चिरलं न जाता फुटेल. चकती एकीकडे उडेल आणि कड वेडीवाकडी होईल. आपल्याला वाटतं धार गेली. म्हणून धार लावतो, तरी तेच. कारण अडचण धारेत नाहीच, धारेच्या मागच्या जाडीत आहे. पाचरीने भाजी चिरत नाही, फुटते.

म्हणून गाजराची परीक्षा लक्षात ठेवा. जाडसर गाजराची एक सेंटिमीटरची चकती कापा. पातं शांतपणे खालपर्यंत गेलं, तर तो चाकू चिरायला बरा आहे. 'कट्ट' वाजलं, तर तो फोडायचा चाकू आहे. पॅकेटवर काहीही लिहिलेलं असो.

[०३:४०] तीन ओळखीचे चाकू

आपल्याकडच्या ट्रेकर्सच्या हातात साधारण तीन प्रकार दिसतात. तिघांची नावं घेतो, म्हणजे समजायला सोपं जाईल.

पहिला स्विस आर्मी चाकू. १८८४ मध्ये कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये कारखाना काढला, त्याचीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. १८९१ पासून त्यांनी स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूची दोन मोठी कामं होती: जेवणाचे डबे उघडणं आणि बंदुकीचे स्क्रू खोलणं. म्हणजे खाण्याशी त्याचं नातं जुनंच आहे. पातं छोटं आणि बऱ्यापैकी पातळ, पण बहुतेक लहान मॉडेल्समध्ये पातं उघडं राहतं ते फक्त स्प्रिंगच्या दाबावर. लॉक नसतं.

दुसरा ओपिनेल. फ्रान्सच्या आल्प्स भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी तयार केला. लाकडी मूठ, गोल कडं, बस. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब असतं आणि चांगलं पातळ असतं. शेतकरी-गुराखी याच चाकूने ब्रेड आणि चीज कापायचे, त्यामुळे स्वयंपाकघरात हा सगळ्यात सहज रुळतो. मुठीपाशी फिरणारं कडं हे त्याचं लॉक. ते १९५५ मध्ये आलं.

तिसरा स्वीडनचा मोरा. हा मिटत नाही, म्यानात राहतो. त्याचं कम्पॅनियन नावाचं मॉडेल साधारण अडीच मिलिमीटर जाड असतं. म्हणजे सुरीपेक्षा जाड, पण जंगली चाकूंपेक्षा पातळ. गाजराच्या परीक्षेत काठावर पास.

[०५:१५] बोटं कुठे जातात?

जाडीनंतरची दुसरी अडचण मुठीची. स्वयंपाकाच्या मोठ्या सुरीत धार मुठीच्या खाली उतरलेली असते. त्यामुळे सुरी बोर्डला टेकली तरी बोटांना मधे जागा राहते. चाकूची धार आणि मूठ जवळपास एकाच रेषेत. पातं बोर्डला टेकवायला गेलात की बोटांची पेरं आधी आपटतात. मग आपण मनगट वाकडं करतो, फक्त टोकाने कापतो, आणि तिथेच पातं सटकतं.

उपाय सोपा आहे. बोर्डच्या कडेला कापा, म्हणजे मूठ धरलेला हात बोर्डच्या बाहेर, हवेत राहतो. आणि पात्यापेक्षा मोठी वस्तू कापायला घेऊ नका. आठ सेंटिमीटरच्या पात्याने कांदा होईल, कोबीचा गड्डा होणार नाही. कोबीत पातं अडकतं, आपण जोर लावतो, आणि जोर लावणं हीच अपघाताची पहिली पायरी.

इथे विळीची हुशारी लक्षात येते. विळीचं पातं एका जागी पक्कं. ते मिटत नाही, सटकत नाही, आणि भाजी दोन्ही हातांत असते. म्हणून एकच पातं कोथिंबिरीपासून लाल भोपळ्यापर्यंत सगळं करू शकतं.

[०६:३०] माझी चूक

आता परत खोबऱ्याकडे. लॉक नसलेला चाकू धारेच्या बाजूने दाबला तर काही होत नाही, पातं उलट आणखी घट्ट उघडतं. पण टोक कुठेतरी अडकलं आणि पाठीकडून दाब आला की स्प्रिंग हार मानते. खोबरं उचकटताना मी नेमकं तेच केलं. भोपळ्यात टोक खुपसून फिरवणं, फणसात भोसकणं, गोठलेले मटार फोडणं, डब्याचं झाकण उचकटणं ही सगळी त्याच जातीची कामं.

लॉक असलेल्या चाकूनेही उचकटू नका. पातं मिटलं नाही तर टोक मोडेल. खोबरं काढायचं असेल तर नारळाची वाटी थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा किंवा गॅसवर करवंटीकडून शेकवा. खोबरं सुटायला लागतं. मग चमच्याच्या दांड्यानेही निघतं. हे मला नंतर आईने सांगितलं, आणि कोणत्या सुरात सांगितलं ते विचारू नका.

आणि नारळ फोडायचाच असेल तर त्यासाठी कोयता आहे. कोकणात, गोव्यात कितीतरी घरांत तो हाताशी असतो. बाहेरचं हत्यार घरात आलेलं, पण ठरलेल्या कामापुरतं. चाकूचंही तसंच असावं.

[०७:५०] सांध्यात काय साचतं?

आता थोडं किळसवाणं बोलतो. मिटणाऱ्या चाकूला सांधा असतो, आणि मुठीत पातं जाऊन बसायची खाच असते. खिशातला धागा, माती, कुरिअरचे खोके कापतानाचा चिकटपट्टीचा गोंद, सगळं तिथे जाऊन बसतं. त्यात कच्च्या चिकनचं पाणी गेलं तर? वरून पुसून ते निघत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच चाकूने तुम्ही काकडी कापता, आणि काकडी शिजवत नाही.

म्हणून माझा नियम: कच्चं मटण, चिकन, मासे मिटणाऱ्या चाकूने कापायचेच नाहीत. कधी नाइलाज झालाच, तर कोमट साबणाच्या पाण्यात पातं चार-पाच वेळा उघडमीट करायचं, जुन्या टूथब्रशने सांधा घासायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचं, उघडा ठेवून पूर्ण वाळवायचा, मग सांध्यात तेलाचा एक थेंब. लाकडी मूठ मात्र पाण्यात भिजत ठेवू नका. लाकूड फुगतं आणि पातं उघडेनासं होतं. पावसाळ्यात ओपिनेलचं असं झालं तर आधी कडं फिरवून लॉक काढा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोका. पातं थोडं बाहेर येतं.

तेल कोणतं? खाण्याचं तेल कालांतराने चिकट आणि खवट होतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा थेंब पुरतो.

[०९:१०] काळं पडलं म्हणजे बिघडलं?

काही चाकू स्टेनलेस नसतात, कार्बन स्टीलचे असतात. लिंबू, चिंच, कांदा, टोमॅटो कापला की पातं करडं-काळं पडतं. घाबरू नका, तो गंज नाही. तो थर उलट पात्याला थोडं सांभाळतो. लालसर, बोटाला लागणारा डाग दिसला तर तो गंज, तो घासून काढायचा. आजीची लोखंडी विळी आठवा. ती काळीच होती ना? पण वापरून झाली की लगेच पुसलेली असायची, आणि फणस कापायच्या आधी तिला तेलाचा हात फिरलेला असायचा. कार्बन स्टीलची निगा म्हणजे एवढंच. फक्त नव्या पात्याने लिंबू कापलंत तर फोडीला लोखंडाची चव येऊ शकते, म्हणून आंबट गोष्टींना स्टेनलेस बरं.

धारेबद्दल एकच सांगतो. बोथट पात्यावर जोर लागतो, म्हणून बोथट चाकू जास्त धोक्याचा. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कड असते, तिच्यावर हलक्या हाताने, कोन न बदलता पातं फिरवा. तात्पुरतं काम भागतं. चाकावर धार लावून घेताना कडेला निळसर छटा आली, तर पोलाद जास्त तापलं, त्याचं पाणी उतरलं. मग तिथे धार टिकत नाही.

[१०:३०] मग वापरायचा कशासाठी?

वापरायचा ना! भरली वांगी करताना देठ ठेवून चार चिरा द्यायला खिशातल्या चाकूसारखं काही नाही. भरली भेंडी, बटाट्याचे डोळे, टोमॅटोचा देठ, मिरचीला चीर, सफरचंद, लिंबू, अननसाचे काळे डोळे. छोटं पातं, छोटी कामं, वस्तू हातात किंवा बोर्डच्या कडेला. मोरासारखा न मिटणारा चाकू असेल तर सुरणाची साल तासायला उत्तम. आधी हाताला तेल लावा, नाहीतर खाज.

रोजची भाजी, कोबी, गाजर, भोपळा यांना सुरी किंवा विळी. ट्रेकचा चाकू घरी वापरला, तर बॅगेत परत टाकताना धुऊन, वाळवून टाका. आणि स्वयंपाक झाल्यावर सवयीने खिशात ठेवू नका. विमानाच्या केबिन बॅगेत चाकू चालत नाही, आणि शहरात पोलिसांचे मनाई आदेश लागू असतात तेव्हा असं हत्यार जवळ बाळगणं अंगाशी येऊ शकतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. कापलंच, तर हळद-कॉफी शोधत बसू नका. वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उघडता दाबून धरा, हात वर ठेवा. रक्त थांबलं नाही, जखम खोल असली, बोट वाकेना किंवा बधिर वाटलं, तर सरळ दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही तिथे सांगा.

माझा तो चाकू अजून आहे. वांगी त्यानेच चिरतो. गाजराला दोनशे रुपयांची सुरी आणली आहे, आणि खोबऱ्यासाठी चमचा. टाक्यांची खूण आहे तर्जनीवर, फोन स्क्रोल करताना रोज दिसते.

तुमच्या चाकूने गाजराची परीक्षा घ्या आणि 'कट्ट' वाजलं का ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूया पुढच्या भागात. बोटं सांभाळा!